सुई टोचायला किती वर्षं शिकायचं?

अ‍ॅक्युपंक्चरचा विषय निघाला की आपल्याकडे दोन मिनिटांत दोन तट पडतात. एक म्हणतो पाच हजार वर्षांचं शास्त्र आहे, इतकी वर्षं अख्खा चीन काय मूर्ख होता का? दुसरा म्हणतो सगळा प्लासिबो आहे (खोटा उपचार केला तरी नुसत्या विश्वासाने बरं वाटतं ते), ट्रायलमध्ये केव्हाच उघडं पडलंय, आणि असल्या गोष्टीला महाराष्ट्र सरकारने कायदा आणि कौन्सिल देणं म्हणजे भोंदूगिरीवर शिक्का मारणं. मग तासभर हमरीतुमरी, शेवटी कुणीतरी आयुर्वेद मध्ये आणतो आणि गाडी रुळावरून पूर्ण घसरते. या सगळ्यात एक माणूस कुणालाच आठवत नाही, ज्याच्या मानेत ती सुई जाणारे तो. 'ची' नावाची ऊर्जा खरी की खोटी याच्याशी त्याला काय देणंघेणं? त्याचा प्रश्न साधा आहे, हा जो समोर सुई घेऊन उभा आहे तो हे शिकला कुठे, किती दिवस, आणि पहिल्यांदा जिवंत माणसाला टोचताना त्याच्या बाजूला कोण उभं होतं?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सुई आणि मॉक्सा (वाळवून कुटलेल्या पानांची कांडी पेटवून अंगाजवळ धरतात ते) ही हाताची विद्या आहे. हात बसायला वेळ लागतो, शिकवणारा शेजारी लागतो, आणि वीकेंडच्या कोर्सच्या सर्टिफिकेटने हात बसत नाही. उपचाराचा पुरावा जितका डळमळीत तितकं शिक्षण जास्त कडक पाहिजे, कमी नाही. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं, भक्त म्हणतात इतकं प्राचीन आहे की नुकसान होऊच शकत नाही, टीकाकार म्हणतात काही होतच नाही तर शिकायचं काय, आणि दोघांच्या मधून चार दिवसांत तयार झालेला 'थेरपिस्ट' बोर्ड लावून मोकळा.

आधी भक्तांकडे वळू. पाच हजार वर्षं अखंड वाहत आलेली परंपरा, हे ऐकायला छान वाटतं पण चीनचा इतिहास तसं सांगत नाही. सोंग राजवटीत वांग वेईयी या वैद्याने १०२६ मध्ये पॉइंट्सची, म्हणजे सुई टोचायच्या जागांची, मांडणी पक्की केली आणि पुढच्याच वर्षी माणसाएवढे दोन ब्रॉन्झचे पुतळे ओतून घेतले. अंगावर पॉइंटच्या जागी बारीक भोकं, वरून मेणाचा थर, आत पाणी. विद्यार्थ्याने मेणातून सुई खुपसायची, बरोबर जागी गेली तर पाणी येणार, नाही आलं तर नापास, असं त्या परीक्षेचं वर्णन केलं जातं. हजार वर्षांपूर्वी प्रॅक्टिकल परीक्षा! पण तिथून आजपर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही. १८२२ मध्ये दाओग्वांग बादशहाने राजवैद्यकातून सुई आणि मॉक्सा दोन्ही हद्दपार केले, बादशहाच्या अंगाला सुया टोचणं आणि आग लावणं शोभत नाही म्हणून. १९२९ मध्ये चिनी प्रजासत्ताकाच्या आरोग्य समितीने जुनं वैद्यक टप्प्याटप्प्याने बंद करायचा ठराव केला, वैद्य शांघायमध्ये जमले, आंदोलन झालं, तेव्हा कुठे तो ठराव गुंडाळला गेला. ज्या गोष्टीला तिच्याच देशाच्या दरबाराने एकदा आणि सरकारने एकदा हाकलायला घेतलं तिला अखंड म्हणायचं तरी कसं?

आज कॉलेजात जे शिकवतात त्याचा मोठा भाग विसाव्या शतकात नव्याने बांधलेला आहे. वूशीच्या चेंग दान-आनने १९३०च्या दशकात संस्था काढली, मासिक काढलं, जपानला जाऊन तिथलं शिक्षण बघून आला, जाड सुयांऐवजी बारीक सुया वापरायला लावल्या आणि पॉइंट रक्तवाहिन्यांपासून बाजूला सरकवून अ‍ॅनाटॉमीच्या भाषेत मांडले. मग झू लियान, पाश्चात्त्य वैद्यक शिकलेली कम्युनिस्ट डॉक्टर बाई, तिने १९५१ मध्ये अख्खं अ‍ॅक्युपंक्चर मज्जासंस्थेच्या हिशोबाने मांडलं. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझौ आणि चेंगदू इथे चार सरकारी कॉलेजं उघडली. आता कुणी म्हणेल म्हणजे हे बनावट ठरलं. अजिबात नाही. उलट मला यातच या विद्येची अब्रू दिसते, की शिकवायची वेळ आली तेव्हा लोकांनी नकाशा पुन्हा तपासला आणि रक्तवाहिनीवरचा पॉइंट हलवायला लाजले नाहीत. 'ऋषीमुनींनी सांगितलंय' म्हणत तीच जुनी जागा टोचत बसले असते तर?

आता टीकाकार. त्यांचा सगळ्यात तगडा मुद्दा मी पूर्ण ताकदीने मांडतो, कारण अ‍ॅक्युपंक्चरवाले त्याला सहसा बगल देतात. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ पेशंटवर मोठी ट्रायल झाली, २००७ मध्ये निकाल छापून आला. सहा महिन्यांनी खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरच्या गटात ४७.६ टक्के लोकांना फरक पडला होता, खोट्या गटात, म्हणजे पॉइंट सोडून भलत्याच जागी वरवर टोचलं होतं तिथे, ४४.२ टक्के, आणि नेहमीच्या औषध-व्यायामाच्या गटात २७.४. भक्तांनी लगेच पहिला आणि तिसरा आकडा उचलला, टीकाकारांनी पहिला आणि दुसरा. टीकाकारांचा प्रश्न बोचणारा आहे आणि रास्त आहे, की कुठेही टोचलं तरी जवळपास तेवढाच गुण येत असेल तर ३६१ पॉइंट आणि ते ज्यांवर मांडलेत ते 'ची'चे चौदा मार्ग पाठ करायला पोरांची पाच वर्षं कशाला घालवायची?

कंबरदुखीपुरतं हे मला मान्य आहे. पॉइंटच्या नेमकेपणावर जो डोलारा उभा आहे त्याला या ट्रायलने चांगलाच हादरा दिला, यात किंतु-परंतु नाही. पण यावरून 'शिकायची गरज नाही' कसं निघतं? त्या ट्रायलमध्ये खोट्या सुया कोणी टोचल्या? वॉचमनने नाही. ट्रेनिंग झालेल्या डॉक्टरांनीच टोचल्या, उथळ आणि ठरवून दिलेल्या जागी. तुलना पॉइंटची होती, हातांची नव्हतीच. अडाणी हात विरुद्ध शिकलेला हात अशी ट्रायल कुणी करणार नाही, कुठलीच एथिक्स कमिटी परवानगी देणार नाही, आणि का देणार नाही याचा विचार केला की उत्तर तिथेच मिळतं. नकाशा कुठे जायचं ते सांगतो तसं कुठे जायचं नाही तेही सांगतो, आणि पेशंटच्या दृष्टीने दुसरं जास्त महत्त्वाचं.

उदाहरण घ्या, जिआनजिंग नावाचा पॉइंट. खांद्याच्या वरच्या कडेला, मानेच्या मागे खाली हाताला लागणारं ते वर आलेलं हाड आणि खांद्याचं टोक यांच्या बरोबर मधे. मान धरली, खांदे आखडले, कॉम्प्युटरवर बसून बसून पाठ गेली, की जवळपास प्रत्येकाला इथे सुई लागते. आणि बरोबर खाली फुफ्फुसाचं टोक आहे. शिकलेला माणूस डाव्या हाताच्या चिमटीत तो स्नायू उचलून धरतो आणि सुई आडवी, थोडीच घालतो, बारीक माणूस असेल तर अजून कमी. न शिकलेला सरळ खाली ढकलतो, कारण चित्रात तिथे ठिपका असतो, खोली चित्रात दिसत नाही. पेशंट घरी जातो, काही तासांनी छातीत दुखायला लागतं, दम लागतो, आणि फुफ्फुसाला भोक पडलंय हे एक्स-रे काढल्यावर कळतं.

यावर शॉर्ट कोर्सवाल्यांकडे आकडा तयार असतो आणि तोही खराच आहे. जर्मनीतच २ लाख २९ हजार २३० पेशंटची नोंद ठेवून सुरक्षितता तपासली, ८.६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, बहुतेक किरकोळ रक्त येणं, दुखणं असला, आणि फुफ्फुसाला भोक पडण्याच्या केसेस फक्त दोन. टोचणाऱ्यांचं किमान ट्रेनिंग किती होतं? १४० तास. झालं, मग १४० तास पुरेत की! घोडं इथेच पेंड खातं. ते १४० तास आधीच डॉक्टर असलेल्या लोकांचे होते, मेडिकल कॉलेजची सगळी वर्षं संपवून, डिसेक्शन करून, वॉर्डात राबून आलेल्यांचे. वरचा मजला तेवढा मोजायचा आणि खालच्या इमारतीचं नावच काढायचं नाही, हा हिशोब कुठला? जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात हा फरक स्पष्ट आहे. डॉक्टर नसलेल्याला पूर्ण शिक्षणाचे २५०० तास, डॉक्टरला १५००, आणि डॉक्टरने आपल्याच प्रॅक्टिसमध्ये थोडंफार वापरायचं असेल तर किमान २००. आपल्याकडे जाहिराती बघा, २०० सुद्धा लांबच राहिले.

आणि हात बसणं म्हणजे नक्की काय, हेही वादात कुणी सांगत नाही. त्सूसानली हा सगळ्यात नेहमीचा पॉइंट, गुडघ्याच्या वाटीखालून तीन 'त्सुन' खाली, नडगीच्या कडेपासून बोटभर बाहेर. पण त्सुन म्हणजे सेंटीमीटर नाही. पेशंटच्या स्वतःच्या अंगठ्याची रुंदी म्हणजे एक त्सुन, चार बोटं जोडून तीन. साडेसहा फुटी माणसाचे तीन आणि लहान पोराचे तीन वेगळे, टोचणाऱ्याचा हात मोठा असेल तर त्याला समोरच्याच्या मापाने मोजायची सवय लावून घ्यावी लागते. मग डाव्या हाताने दाबून जागा पक्की करायची, उजव्याने पाव मिलिमीटर जाडीची सुई घालायची, जी जरा चुकीचा जोर लागला तर धनुष्यासारखी वाकते. म्हणून विद्यार्थी आधी कागदाच्या जाड गठ्ठ्यावर, कापसाच्या घट्ट गुंडाळ्यावर, मग स्वतःच्या पायावर आणि मग एकमेकांवर टोचतात. सुई नुसती आत जाऊन भागत नाही, पेशंटला जड, बधिर, ताणल्यासारखं वाटायला हवं आणि टोचणाऱ्याच्या बोटालाही तिथे सुई पकडल्यासारखी लागायला हवी. जुन्या चिनी वैद्यांनी याला गळाला मासा लागल्यावर जे जाणवतं त्याची उपमा दिलीये. यातलं किती शरीरशास्त्र आणि किती समजूत यावर खुशाल भांडा, पण हा फरक बोटाला कळायला शेकडो वेळा टोचावं लागतं हे तरी मान्य करा.

१९७१ची रेस्टनची गोष्ट तर सगळेच सांगतात, आणि बहुतेक चुकीची सांगतात. अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन बीजिंगला गेला, त्याचं अपेंडिक्स काढावं लागलं, आणि 'सुयांवर भूल देऊन ऑपरेशन केलं' अशी दंतकथा झाली. ऑपरेशन नेहमीच्या भुलीच्या इंजेक्शनवर झालं होतं. सुया आल्या नंतर, पोटात गॅस धरून दुखायला लागलं तेव्हा, उजव्या कोपरात आणि गुडघ्यांखाली, आणि सोबत पोटाजवळ धरलेल्या जळत्या मॉक्साच्या कांड्या, ज्या त्याला स्वस्त सिगारच्या थोटकांसारख्या वाटल्या. तासाभरात बरं वाटलं असं त्याने लिहिलं. एका माणसाचं पोट हलकं झालं म्हणजे पुरावा होत नाही, ते सोडा. मला त्यातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. ज्या डॉक्टर लीने सुया टोचल्या तो मेडिकल कॉलेजात गेलेलाच नव्हता. हॉस्पिटलमध्ये एका मुरलेल्या वैद्याच्या हाताखाली उमेदवारी करून शिकला होता, आणि तासन्तास स्वतःच्या अंगावर सुया टोचून. दुसऱ्याला एकदा इजा करण्यापेक्षा स्वतःला हजारदा टोचलेलं बरं, अशा अर्थाचं तो रेस्टनला म्हणाला.

हे माझ्या विरुद्ध जातं का? कॉलेजच पाहिजे असं मी म्हणालो असतो तर गेलं असतं. मी म्हणतोय हाताखाली शिकणं पाहिजे, ते कॉलेजच्या वॉर्डात होवो की गुरूच्या दवाखान्यात. चीनमध्ये आज अ‍ॅक्युपंक्चर-मॉक्सा-मालीश अशी पाच वर्षांची डिग्री आहे, पण २०१७ला लागू झालेल्या त्यांच्या कायद्याने गुरूकडे शिकलेल्यांनाही दार उघडलं. मात्र कसं? सलग पाच वर्षं गुरूपाशी, दोन नोंदणीकृत वैद्यांची शिफारस, आणि प्रांताच्या पातळीवर प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा. जपानमध्ये तर सतराव्या शतकात सुगियामा वाइची नावाच्या आंधळ्या वैद्याने सुई नळीतून घालायची पद्धत रूढ केली आणि अंधांसाठी सुईच्या शाळा उभ्या केल्या. डोळ्यांनी नकाशा बघता येत नाही अशा माणसांनी पिढ्यान्पिढ्या ही विद्या चालवली. युद्धानंतर १९४७ मध्ये अमेरिकन ताबा-प्रशासन ती बंद करायच्या बेतात होतं तेव्हा या अंध वैद्यांनी रस्त्यावर येऊन विरोध केला, आणि शेवटी कायदा झाला. आजही तिथे सुईचं लायसन्स वेगळं आणि मॉक्साचं वेगळं.

मॉक्साचं वेगळं लायसन्स, हे वाचून आपल्याकडे हसतील. आपल्याकडे मॉक्सा म्हणजे कोर्सच्या शेवटच्या दिवशी दुपारी दाखवायची गंमत. धूर होतो, वास येतो, गिऱ्हाईक कंटाळतं, म्हणून पुष्कळ ठिकाणी शेक देणाऱ्या दिव्यावरच भागवतात. खरं तर आगीची बाजू शिकायला सुईपेक्षा सोपी नाही. 'आय' नावाच्या झुडपाची पानं वाळवून, कुटून, चाळून त्याचा कापसासारखा पुंजका करतात, आणि तो काही वर्षं मुरवलेला असेल तरच मंद जळतो, ताज्यात तेल जास्त, तो भडकून जळतो. (हे झुडूप मलेरियाचं औषध ज्यातून निघालं त्याचं चुलत भावंड, तेच नव्हे, लोक सर्रास घोळ घालतात.) कांडी कातडीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर धरायची, राख पडायच्या आत झटकायची, कातडी गुलाबी झाली की थांबायचं. लहान मूल असेल किंवा ज्याला भाजल्याचं कळत नाही असा पेशंट असेल तर आपलीच दोन बोटं पॉइंटच्या दोन बाजूंना ठेवायची, म्हणजे चटका आधी आपल्याला कळतो. आता डायबेटिसने पाय बधिर झालेला सत्तर वर्षांचा माणूस आणि समोर ही दोन बोटांची गोष्ट कुणी न शिकवलेला थेरपिस्ट, असं चित्र डोळ्यासमोर आणा. पायावरची भाजल्याची जखम त्याला किती महिने पुरेल? मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळांना तापलेल्या सळीचे चटके दिल्याच्या बातम्या येतात तेव्हा आपण हळहळतो, अंधश्रद्धा म्हणतो, आणि एसी क्लिनिकमध्ये तेच अज्ञान इंग्रजी नाव लावून आलं की पैसे मोजतो.

मॉक्साबद्दल एक चांगला निकालही आहे. १९९८ मध्ये चीनमधल्या २६० पहिलटकरणींवर ट्रायल झाली, बाळ पायाळू होतं अशा. पायाच्या करंगळीच्या नखाजवळ मॉक्सा दिलेल्या १३० जणींपैकी ९८ बाळं पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत डोक्याकडून वळली, न दिलेल्यांत ६२. पुढच्या युरोपातल्या सगळ्या ट्रायलमध्ये तसं आलं नाही, त्यामुळे मी यावर छाती ठोकणार नाही. पण इथे माझ्या विरोधकाला एक पॉइंट मिळतो, कारण आता पुष्कळ ठिकाणी नवऱ्याला दोन मिनिटांत शिकवून घरीच कांडी धरायला सांगतात, मग कुठे गेलं तुमचं हाताचं कौशल्य? कौशल्य आधीच खर्च झालेलं असतं. बाळ पायाळूच आहे, वार (प्लासेंटा) खाली नाही, बाईला मॉक्सा द्यायला हरकत नाही, हे कुणीतरी शिकलेल्याने तपासलंय म्हणून नवऱ्याच्या हातात कांडी आलीये.

अनवाणी डॉक्टरांचं उदाहरणही असंच अर्धवट वापरलं जातं. माओच्या काळात शेतकऱ्यांच्या पोरांना काही महिन्यांचं ट्रेनिंग देऊन गावोगाव पाठवलं, पिशवीत सुया असायच्या, आणि लाखो लोकांना पहिल्यांदा काहीतरी उपचार मिळाले, हे मोठं काम होतं. मग आपण का नको? कारण ते पोरगं त्याच गावात राहायचं, ठरलेल्या थोड्या गोष्टीच करायचं, आणि वर कम्यूनचा, म्हणजे सामूहिक शेती करणाऱ्या गावांच्या गटाचा, दवाखाना होता, जमलं नाही तर पेशंट तिकडे पाठवायचा. आपल्या शॉर्ट कोर्सवाल्याच्या वर कोण आहे? आणि तो कुठल्या गावात डॉक्टर नाही म्हणून गेलाय? तो बसलाय शहरातल्या चांगल्या एरियात, जिथे चौकाचौकात हॉस्पिटल आहे.

महाराष्ट्राकडे कायदा आहे, २०१५चा, त्याखाली कौन्सिल आहे, केंद्रानेही २०१९ मध्ये उपचारपद्धती म्हणून मान्यता दिलीये. टीकाकार म्हणतात हे रद्द करा. रद्द केल्याने सुया जातील का? त्या ऑनलाइन शंभरच्या पाकिटात मिळतात. जाईल फक्त तो रजिस्टर, ज्यात नाव आहे का हे पेशंट बघू शकतो. आपला या विद्येशी संबंधही काही उधारीचा नाही. १९३८ला चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते, आणि त्याच पथकातले कलकत्त्याचे बिजॉय बसू पुढे १९५८ मध्ये पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि इथे आणलं. डॉक्टर होऊन, चीनच्या युद्धात काम करून आलेला माणूस विद्यार्थी म्हणून परत जाऊन बसला, आणि आपल्याला झूमवर दोन शनिवार पुरतात.

कुठल्याही कौन्सिलची परीक्षा बघताना मी लेखी पेपर बघणार नाही. विद्यार्थ्यासमोर एक जाडा आणि एक हडकुळा माणूस बसवा, दोघांवर तेच दहा पॉइंट शोधायला लावा, जिआनजिंगला सुई किती आणि कुठल्या कोनात ते करून दाखवायला लावा, अंगावर ठेवलेल्या आल्याच्या चकतीवर मॉक्सा पेटवून पेशंटशी बोलत बोलत ती वेळेत उचलायला लावा, आणि तीन पेशंट असे पाठवा ज्यांना टोचायचंच नाही, डॉक्टरकडे धाडायचंय. यात गरीब पोरं मागे पडतील, फी परवडणार नाही, असं म्हणणारे येतील, आणि त्यांचं बरोबर आहे. मग सरकारी हॉस्पिटलांत उमेदवारीच्या जागा काढा, स्टायपेंड द्या, डॉक्टर लीसारखे हाताखाली शिकू द्या. फी कमी करायला हरकत नाही, तास कमी करायला आहे.